‘आम्हाला यातलं काही कळत नाही’ : पालकांच्या पत्रांना उत्तरं

सांगली जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात मी चोवीस वर्षं ट्रेनिंग अँड प्लेसमेंटचं काम बघत होते. मुलांच्या भाषेत ‘टीपीओ मॅडम’. निवृत्त झाल्यावर वाटलं, आता ‘मॅडम, आमच्या पोराचं काय?’ हे ऐकायला मिळणार नाही. मग हे सदर गळ्यात पडलं, आणि खरं सांगायचं तर बरंच वाटलं. या महिन्यात चार पत्रं घेते. पहिल्याला जास्त जागा देणार आहे. इतरांनी रागावू नये.

प्रश्न : मी एसटीच्या आगारात मेकॅनिक आहे. मुलगा पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फोन केला की ‘चाललंय’ एवढंच बोलतो. आता म्हणतोय, मेकॅनिकलला स्कोप नाही, कोडिंगचा क्लास लावतो. फी 85 हजार, नोकरीची शंभर टक्के हमी. सोसायटीतून कर्ज काढायची माझी तयारी आहे. पण आम्हाला यातलं काही कळत नाही. नववीपर्यंत मी त्याचा अभ्यास घेतला, पुढं त्याचं त्यानंच केलं. आम्ही नेमकी काय मदत करायची?

उत्तर : ‘आम्हाला यातलं काही कळत नाही.’ दादा, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या केबिनबाहेरच्या बाकालाही ते पाठ असेल. वडील यायचे, चपला दाराबाहेर काढायचे (कितीदा सांगितलं, आत आणा म्हणून), हे वाक्य म्हणायचे आणि मुलाची फाइल माझ्याकडे सरकवायचे. एकदा कुपवाड एमआयडीसीत वीस वर्षं लेथ चालवलेले एक गृहस्थ असेच बसले होते. त्याच दिवशी त्यांचा मुलगा मुलाखतीत व्हर्नियरचा (बारीक मापं घ्यायच्या पट्टीचा) लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, विचारल्यावर अडखळला होता. बाप रोज व्हर्नियर हाताळणारा, आणि घरात त्यावर एकदाही बोलणं झालेलं नाही. मी चिडलेच. मुलावरही आणि, माफ करा, बापावरही.

तुम्ही मेकॅनिक आहात आणि मुलगा मेकॅनिकल शिकतोय. पत्रात तुम्ही या दोन गोष्टी शेजारी शेजारी लिहिल्यात, पण त्यांची गाठ काही घातली नाहीत.

1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 हे गाड्यांच्या धुराबद्दलचे कडक नियम लागू झाले. मोठ्या डिझेल गाड्यांना युरियाची वेगळी टाकी आली, धुराच्या नळीवर सेन्सर आले. पूर्वी कान लावून आणि पाना फिरवून सापडणारा बिघाड आता आधी स्कॅनर लावून बघावा लागतो. हे मी तुम्हाला काय सांगायचं! पण तुमच्या मुलाच्या पुस्तकात हे चार ओळींत आटपलेलं असेल, आणि त्या टाकीत युरियाऐवजी भलतंच काही गेलं तर गाडी काय करते, ते कुठल्याच पुस्तकात नसेल. तुम्ही ते बघितलं असेल.

कंपन्यांच्या एचआर राउंडला ‘वडील काय करतात?’ हा प्रश्न हमखास येतो. आपली मुलं खाली बघून ‘सर्व्हिस’ म्हणतात आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघतात. पलूसकडचा एक मुलगा मात्र म्हणाला, ‘पाण्यातल्या मोटारी रिपेअर करतात.’ समोरच्यांनी सहज विचारलं, ‘मग तुला काय येतं त्यातलं?’ त्यानं सांगितलं, मोटार उघडल्या उघडल्या वासावरून कळतं वाइंडिंग जळलंय की नाही, आणि जळलं असेल तर पप्पा आधी पाण्याची पातळी विचारतात, कारण मोटार बऱ्याचदा कोरडी फिरलेली असते. पॅनेलवरचे तिघं वीस मिनिटं त्यातच रमले. नंतर चहा घेताना त्यातले एक मला म्हणाले, ‘मॅडम, आज दिवसभरात मशीन बघितलेला हा एकच.’ मुलाचे मार्क बेताचे होते. घेतला त्याला.

म्हणून येत्या सुट्टीत मुलाला पंधरा दिवस कामाला लावा. आगारात परवानगी मिळत नसेल तर ओळखीच्या एखाद्या गॅरेजमध्ये. आणि शंभर पानी वही द्या. कोणती गाडी, काय तक्रार, आधी काय वाटलं, प्रत्यक्षात काय निघालं, किती वेळ लागला, एवढं रोज रात्री लिहायचं. तुम्ही वाचायचं आणि चुकलं असेल तिथं बोलायचं. नववीनंतर तुमचा सुटलेला अभ्यास असा परत सुरू होईल. त्या वहीतली वीस पानं मुलाखतीत जेवढी उपयोगी पडतील तेवढं विकतचं प्रोजेक्ट कधीच पडत नाही. (प्रोजेक्ट विकत मिळतात, हे तुम्हाला माहीत नसेल. मुलाला विचारा, दुकानाचा पत्ता सांगेल.)

आता क्लासचं. ‘हमी’ हा शब्द पावतीवर लिहून मागा. बहुतेक ठिकाणी तो जाहिरातीच्या फ्लेक्सवर असतो आणि करारात त्याच जागी ‘असिस्टन्स’ असतो. असिस्टन्स म्हणजे ते चार ठिकाणी तुमच्या मुलाचा बायोडेटा पाठवणार, झालं. गेल्या वर्षीच्या बॅचमधल्या तीन मुलांचे फोन नंबर मागा आणि स्वतः बोला. तुम्ही एसटीत आहात, माणूस उडवाउडवी करतोय का हे तुम्हाला दोन मिनिटांत कळेल. काही क्लासवाले फी घेतच नाहीत, ‘हप्त्यानं भरा’ म्हणत मुलाची एका फायनान्स कंपनीच्या कागदावर सही घेतात. ते कर्ज असतं. क्लास अर्ध्यात सोडला तरी हप्ता सुटत नाही. माझ्याच एका विद्यार्थ्याचे असे पंधरा महिने गेले. घरी सांगायची लाज वाटायची म्हणून बिचारा एकवेळ मेसचं खायचा.

कोडिंग शिकू नये असं मी म्हणत नाही. त्याला आधी फुकटातलं शिकू द्या. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीनं मिळून 2003 मध्ये एनपीटीईएल हा ऑनलाइन शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. तिथले कोर्स बघायला आणि शिकायला पैसे लागत नाहीत. केंद्रावर जाऊन परीक्षा देऊन सर्टिफिकेट हवं असेल तर हजारेक रुपये. बारा आठवड्यांचा एक कोर्स त्यानं दर आठवड्याची असाइनमेंट देत शेवटापर्यंत नेला, तर त्याला खरंच आवड आहे असं समजा आणि मग 85 हजारांचं बोला. तिसऱ्याच आठवड्यात सुटला, तर तुमचे 85 हजार वाचले.

आणि ‘मेकॅनिकलला स्कोप नाही’ हे वाक्य काही नवं नाही. उलट 2001 मध्ये आणि पुन्हा 2009 मध्ये कॉम्प्युटरची मुलं हातात ऑफर लेटर घेऊन माझ्यासमोर बसली होती आणि कंपन्या रुजू होण्याची तारीख पुढं ढकलत होत्या. त्या दोन्ही वर्षी मेकॅनिकलवाले त्यांना चहा पाजत होते. वारं फिरतं. चाकण, रांजणगाव, शिरोली इथल्या कारखान्यांना माणसं लागतातच. पगार सुरुवातीला कमी असतो, हे मात्र खरं.

म्हणूनच पैशाचं घरात स्पष्ट बोला. तुमचा हातात येणारा पगार, सोसायटीचा चालू हप्ता, निवृत्तीला राहिलेली वर्षं, हे सगळं एका कागदावर मांडून मुलाला दाखवा. शिरोलीच्या एका फाउंड्रीतली नोकरी ‘पगार कमी आहे’ म्हणून नाकारलेला एक मुलगा मला आठवतो. आईच्या पाटल्या गहाण आहेत हे त्याला दोन महिन्यांनी कळलं, तेही मावशीकडून. ‘मला आधी सांगितलं असतं तर मॅडम,’ म्हणाला आणि पुढं काही बोलला नाही. मुलांपासून लपवण्यात आपल्याला वाटतो तेवढा त्यांचा फायदा नसतो.

राहिलं ‘चाललंय’चं. मोघम विचारलं की मोघमच उत्तर येणार. नेमकं विचारा : ‘विषय किती राहिलेत?’ कॉलेजात त्याला लाइव्ह बॅकलॉग म्हणतात. चौथ्या वर्षाच्या सुरुवातीलाच, जुलै-ऑगस्टमध्ये, कंपन्या यायला लागतात. बऱ्याच कंपन्या दहावी, बारावी आणि डिग्रीला 60 टक्के आणि बॅकलॉग नको, अशी अट घालतात. त्यात बसला नाही तर मुलगा कितीही हुशार असो, परीक्षेच्या हॉलमध्येच घेत नाहीत. मी स्वतः यादीतून नावं खोडलेली आहेत, आणि ते काम मला कधीच आवडलं नाही. पहिली चाळणी अॅप्टिट्यूडची असते. नाव जड आहे, आत मात्र शेकडेवारी, नफा-तोटा आणि काळ-काम-वेग. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला त्याच्याकडून तुम्ही करून घेतलेलं तेच. रोज वीस गणितं, घड्याळ लावून.

कॅम्पसमध्ये नाहीच झालं तरी एक वाट असते. 1961 च्या अॅप्रेंटिस कायद्याखाली पदवीधरांनाही वर्षभराची उमेदवारी मिळते, विद्यावेतनासह. तुमचं महामंडळही अॅप्रेंटिस घेतं, हे तुम्हाला नोटीस बोर्डावर दिसलं असेलच.

प्रश्न : मी नाशिकला एका बँकेत आहे. मुलगी एस.वाय.बी.कॉम.ला आहे, सीए करायचं म्हणते. दहावीपासूनचे तिचे सगळे फॉर्म मीच भरते. आता रेझ्युमेही मीच केला, आणि सुट्टीत कामाला लागायला एका सीएच्या ऑफिसला फोनही मीच केला. यजमान म्हणतात, तू तिला पांगळी करतेयस. कुणाचं बरोबर?

उत्तर : यजमानांचं. पण त्यांना लगेच सांगू नका, आधी माझी फजिती ऐका.

हजारो मुलांचे रेझ्युमे मी लाल पेनानं खोडलेत. माझ्या मुलीची वेळ आली तेव्हा मला राहवेना. ती झोपली होती. मी रात्री दोनपर्यंत बसून तिचा रेझ्युमे ‘थोडासा नीट’ केला. कॉलेजच्या गॅदरिंगला तिनं स्टेजमागची कामं बघितली होती. ‘हेल्प्ड’ असं तिनं साधं लिहिलेलं खोडून मी तिथं ‘स्पिअरहेडेड’ (म्हणजे पुढारीपण केलं) असं केलं. मुलाखतीत समोरच्या बाईंनी नेमक्या त्याच शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, म्हणजे नक्की काय केलंस? तिला शब्दच नीट म्हणता येईना. घरी आली, पर्स सोफ्यावर टाकली आणि म्हणाली, ‘आई, त्या कागदावर मी नव्हतेच. तू होतीस.’ त्यानंतर दोन वर्षं तिनं मला रेझ्युमे दाखवला नाही. नोकरी तिनं तिची तिनं मिळवली, आणि तो रेझ्युमे मी आजतागायत बघितलेला नाही.

तुम्ही शेजारी बसा, टाइप तिला करू दे. सीएच्या ऑफिसचा पत्ता तुमच्या बँकेतल्या ओळखीतून काढून द्यायला काहीच हरकत नाही. ओळख त्यासाठीच असते. पण फोनवर आवाज तिचा हवा. ततपप झालं तरी चालेल. ज्यांच्या हाताखाली आर्टिकलशिप, म्हणजे सीएची उमेदवारी, करायची त्यांनी आधी आईचा आवाज ऐकला, की पुढं सुट्टी मागायलाही आईच लागते असं ते समजतात.

एक काम मात्र खुशाल अंगावर घ्या, कागदपत्रांचं. दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमिलेअरची मुदत. सेतूत आणि तहसीलला होणाऱ्या खेपा परीक्षेच्या आठवड्यात मुलीनं करायच्या नसतात. ते आईबापांचं काम, आणि त्यानं कुणी पांगळं होत नाही.

सीएचं म्हणाल तर, फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता पदवीनंतर थेट इंटरमीजिएटला, म्हणजे दुसऱ्या टप्प्याला, बसायचं असेल तर कॉमर्सवाल्यांना 55 टक्के लागतात, म्हणजे एस.वाय.चे मार्क आत्ताच मोजायला लागायचे. फाउंडेशन आताच द्यायची असेल तर तीही देता येते. 2023 पासूनच्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. यातलं काय निवडायचं ते तिला ठरवू द्या. तिनं ठरवून सांगितल्यावर तुम्ही फक्त विचारा, ‘का?’

प्रश्न : परभणी जिल्ह्यात पाच एकर कोरडवाहू शेती आहे. मुलगा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्याला जाऊन एमपीएससी-यूपीएससी करतो म्हणतो. पाठवायला ना नाही, पण किती वर्षं पैसे पुरवायचे?

उत्तर : भाऊ, हा प्रश्न तुम्ही आत्ताच विचारला हे फार चांगलं केलंत. बहुतेक जण चौथ्या वर्षी विचारतात.

आधी आकडे बघू. यूपीएससीच्या 2023 च्या नागरी सेवा परीक्षेला 10,16,850 अर्ज आले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले 5,92,141. शेवटच्या यादीत नावं 1,016. हे मी मुलाला घाबरवायला सांगत नाही. त्या हजारात मराठवाड्यातली मुलंही दरवर्षी असतात. पण बाकीचे घरी परत येतात, आणि सत्कार त्यांचा होत नाही म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत. एमपीएससीत खुल्या गटाला 38 व्या वर्षापर्यंत बसता येतं. ही सवलत आहे, आणि खरं विचाराल तर सापळाही आहे, कारण ‘अजून एकदा’ म्हणायला कायम जागा राहते.

शेवटचं वर्ष आहे, तर आधी डिग्री चांगल्या मार्कांनी होऊ दे. लगेच पुण्याची सदाशिव पेठ गाठायची गरज नाही. पहिलं वर्ष परभणीतल्याच एखाद्या अभ्यासिकेत बसून, मागच्या प्रश्नपत्रिका सोडवून काढू दे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे पर्यायाला गोल करायचा नाही, पानंच्या पानं लिहायची. कुणाच्या तरी दादाची जुनी वस्तुनिष्ठ पुस्तकं ‘चांगली आहेत’ म्हणून घेऊ नका. रोज दोन उत्तरं हातानं लिहून बघू दे. सहा महिने रोज लिहिलं, तर तो पुण्यात टिकेल. नसेल तर पुण्यात जाऊनही तो फक्त चहाच्या टपरीवर कटऑफची चर्चा करेल. शास्त्री रोडला संध्याकाळी एकदा उभं राहून बघा, मी काय म्हणते ते कळेल.

पुण्यात खर्च क्लासचा एकदाच असतो, पण कॉट, मेस आणि अभ्यासिकेचा दर महिन्याला. सोयाबीन वर्षातून एकदाच येतं. हे गणित त्याच्यासमोर बसून मांडा. सारथी, बार्टी, महाज्योती या सरकारी संस्था आपापल्या लाभार्थी गटातल्या मुलांना प्रशिक्षण आणि विद्यावेतन देतात. तुम्ही ज्यात बसता तिची जाहिरात कधी निघते यावर मुलालाच लक्ष ठेवायला सांगा.

आणि मुदत. माझं मत विचाराल तर डिग्रीनंतर तीन वर्षं. तारीख घालून, दोघांनी बोलून, घरातल्या कॅलेंडरवर लिहून. तीन वर्षं झाल्यावर काय, तेही आजच ठरवा. बी.एस्सी.वाल्याला साखर कारखान्याची लॅब आहे, बियाणं कंपन्या आहेत, बी.एड. आहे, बँकेच्या परीक्षा आहेत. तारीख आल्यावर तो म्हणेल, ‘दोनच मार्कांनी गेलं, अजून एक वर्ष द्या.’ तेव्हा तुमचा जीव तुटेल. द्यायचंच झालं तर म्हणा, दे परीक्षा, पण आता काहीतरी कमवत दे.

गावात कुणी विचारलं ‘पोरगा काय करतो?’ तर ‘अभ्यास करतो’ एवढंच सांगा. ‘साहेब होणार आहे’ हे आधीच सांगून टाकलं की परत यायचा रस्ता त्याला फार लांबचा वाटायला लागतो.

प्रश्न : मी आजी आहे. आम्ही कुडाळला राहतो. नात मुंबईला शिकते. ती गणपतीला घरी येणार आहे आणि त्याच आठवड्यात तिची लॅपटॉपवरून मुलाखत आहे म्हणे. घरी माणसांची वर्दळ असणार. आम्ही काय काळजी घ्यावी?

उत्तर : आजी, यावेळचं सगळ्यात कामाचं पत्र तुमचं.

माळ्यावरची किंवा मागच्या पडवीतली एक खोली त्या दिवशी तिला द्या आणि दाराला कडी लावायला सांगा. मागे भिंत कोरी असू द्या. खुंटीवरचे शर्ट काढा. खिडकी तिच्या पाठीमागे नको, समोर हवी. पाठीमागून उजेड आला की तोंड काळं दिसतं. आदल्या दिवशी त्याच वेळेला त्याच खोलीत नेट कसं चालतं ते तिला बघू द्या. गणपतीत मुंबईची सगळी माणसं कोकणात आली की रेंजचं काय होतं ते तुम्ही जाणताच. वीज गेली तर म्हणून लॅपटॉप आणि मोबाइल दोन्ही भरून ठेवा.

कुकर आधीच लावून घ्या. आरतीची वेळ तिच्या वेळेवर येत असेल तर देवाला अर्धा तास थांबायला सांगा. शेजारच्यांनाही निरोप द्या, नाहीतर झांजा तिकडून येतील.

आणि ती खोलीतून बाहेर आली की ‘झालं का गं? काय म्हणाले? घेतलं का?’ असं दारातच नको. तिला हातपाय धुऊ द्या. पानात मोदक वाढा, तूप जरा जास्त घाला. सांगायचं असेल तर दुसऱ्या मोदकाला आपणच सांगेल.